पळून जायची गाणी: तुमचे अनुभव

निद्रानाश: काल भांडी घासताना फोनने आपल्या मनाने 'फास्ट कार' लावलं आणि हात फेसातच राहिले. ट्रेसी चॅपमन, १९८८. होस्टेलवर असताना मला त्यात फक्त सुसाट सुटलेली गाडी ऐकू यायची. काल कळलं, पुढचं सगळं गाणं पळून गेल्यानंतरचं आहे. ती दुकानात गल्ल्यावर राबते, हा बारमध्ये. बाप दारुडा म्हणून निघाली आणि जोडीदारही तसलाच. तुम्हाला कुठलं गाणं असं उशिरा कळलं?

टर्नपाइक: आम्ही न्यू जर्सीकर. फ्रीहोल्डवरून जाताना नवरा 'बॉर्न टू रन' लावणारच, स्प्रिंगस्टीन तिथे वाढला ना! १९७५ चं गाणं, सगळा जीव 'इथून निघू या'त. आणि १९८० मध्ये इथल्याच विधानसभेने ते राज्यातल्या तरुणाईचं गाणं ठरवणारा ठराव केला. लेक मागच्या सीटवरून: "मग आपण का राहतो इथे?"

उंटावरचा_शहाणा: जर्नी बँडच्या 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' या १९८१ च्या गाण्यातला पोरगा साउथ डेट्रॉइटचा. असा भागच नाही! डेट्रॉइट डाउनटाउनच्या दक्षिणेला नदी, पलीकडे कॅनडा.

टर्नपाइक: पोहत आला असेल 😂

घरकोंबडी: मी उलट्या पार्टीची. मेलनकॅम्पचं 'स्मॉल टाउन', १९८५. तो इंडियानातल्या सेमूरचा, आणि गातो की मरेन तर अशाच गावात. मी धूमधडाक्यात निघाले होते, अकरा महिन्यांत परत. तेव्हा रोज हेच लावायचे, स्वतःची समजूत घालायला. आता खरंच आवडतं. (की सवय? जाऊ दे, कुकर झाला.)

एकखिडकी: रॉक नाही, माहितेय, पण ब्रॉन्स्की बीटचं 'स्मॉलटाउन बॉय', १९८४. बाकी गाण्यांत गाव कंटाळा आणतं, यात गाव मारतं. पोरगा गे आहे, छोटी काळी बॅग घेऊन एकटा फलाटावर. माझा दादा असाच गेला. बॅग मीच भरून दिली होती, मोजे विसरले.

निद्रानाश: अगं... बोलतो का आता?

एकखिडकी: रविवारी. आईशी नाही.

घरकोंबडी: 🫂

उंटावरचा_शहाणा: साउथ डेट्रॉइटवरून कोणी भांडणार नाही का? बरं. भांडी घासताना फोन ठेवता कुठे? माझा दोनदा बुडाला.

निद्रानाश: खिडकीत. उभा, मगला टेकवून.