जूनमधील अलॉटमेंट: कोथिंबीर, भेंडी आणि स्ट्रॉबेरी

प्रश्न: इंग्लंडातील लेस्टरमध्ये आमच्या कुटुंबाला यंदा अलॉटमेंटचा (भाजीपाला लावण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) अर्धा तुकडा, म्हणजे सुमारे १२५ चौरस मीटर जागा मिळाली असून, मे महिन्यात पेरलेली कोथिंबीर वीतभरही न वाढता फुलावर आली आहे. भेंडी उघड्यावर लावावी का, आणि मुलांच्या हौसेखातर लावलेल्या स्ट्रॉबेरी पक्ष्यांपासून कशा वाचवाव्यात?

उत्तर १: जूनमध्ये इंग्लंडात दिवस सोळा तासांहून मोठा असतो, आणि लांब दिवस, कोरडी माती व मुळांना लागलेला धक्का यांमुळे कोथिंबीर लवकर फुलते. म्हणून रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे धने अर्धवट सावलीत पेरावेत, आणि आता आलेल्या फुलांचे हिरवे धने होऊ द्यावेत. चटणीत ते फार छान लागतात.

उत्तर २: ग्रीनहाऊस नसेल तर भेंडीच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी बांबूंवर रनर बीन्स (घेवड्यासारख्या वेलीच्या शेंगा) चढवाव्यात. त्या जूनमध्येही पेरता येतात. शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्यात आणि शिजवूनच खाव्यात.

उत्तर ३: स्ट्रॉबेरीखाली गव्हाचे काड पसरावे, म्हणजे फळ मातीला टेकून कुजत नाही. जाळी मात्र ताणून, कडा नीट दाबून लावावी, नाहीतर पक्षी तिच्यात अडकतात.