पावसातला पारा: दोष फक्त जवळच्या धुराड्याचा नाही

पावसात पारा सापडला की जवळच्या कोळशाच्या वीजकेंद्राकडे बोट दाखवायचं, असं सर्रास होतं. अर्धंच पटतं. अमेरिका-कॅनडात १९९६ पासून पावसातला पारा मोजणारं जाळं आहे. त्यात दक्षिण फ्लोरिडाचे आकडे नेहमी वरच्या नंबरात, तेही उन्हाळी पावसात. कारण तिथले गडगडाटी ढग. ते इतके उंच चढतात की जगभरातून आलेला, वरच्या थरात ऑक्सिडीकरण होऊन विरघळण्याजोगा झालेला पारा खाली धुऊन आणतात. साधा वायुरूप पारा पाण्यात फारसा विरघळत नाही, महिनोन्महिने हवेत भटकत राहतो.

मोजणीही नाजूक. पाऊस सुरू झाला की झाकण आपोआप सरकतं, थेंब काचेच्या नरसाळ्यातून बाटलीत. बाटलीत आधीच थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, नाहीतर पारा काचेला चिकटतो किंवा उडून जातो. दर मंगळवारी बाटली बदलायची, हातमोजे घालूनच. लिटरमागे नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) मोजायचे तर बोटाचा मळसुद्धा घात करतो!

आणि नुसती तीव्रता, म्हणजे लिटरमागे किती पारा, बघून घाबरू नका. रिमझिमीत ती जास्त दिसते, मुसळधार पावसात पातळ होते. जमिनीवर एकूण किती पडला हे पर्जन्यमानाने गुणल्यावरच कळतं. दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले जिवाणू त्यातल्याच काही भागाचा मिथिल पारा (पाऱ्याचं विषारी सेंद्रिय रूप) करतात, आणि तो माशांत साठतो.