एस्पेरान्तोतला ‘रेजो’ कुणाचा?

शब्दखोर :
एस्पेरान्तो या मुद्दाम रचलेल्या भाषेत राजाला ‘रेजो’ म्हणतात. ऐकलं की लगेच ‘बघा, संस्कृत राजन्!’ म्हणणारे भेटतात. ती रचून १८८७ साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढणाऱ्या झामेनहोफपुढे लॅटिन ‘रेक्स’ (राजा) आणि इटालियन ‘रेजीना’ (राणी) होते. संस्कृतचा काडीचाही संबंध नाही.

ताकभात :
काडीचाही कसा नाही? रेक्स आणि राजन् एकाच भारोपीय, म्हणजे भारत-युरोपातल्या भाषांच्या सामाईक, मुळाचे. गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या, व्हर्सिंजेटोरिक्स या सरदाराच्या नावातला ‘रिक्स’सुद्धा तोच. भाऊबंद आहेत की!

शब्दखोर :
भाऊबंदकी मान्य. पण लोक भुलतात ‘ज’ला, आणि तो इथे उसना आहे. संस्कृतात मूळ ध्वनीचा ‘ज’ फार आधी झाला. लॅटिनमध्ये ‘ग’च राहिला; पुढे इ-ए आले की त्याचा ‘ज’ करायची खोड इटालियनला कितीतरी शतकांनी लागली. दोन्हीकडे ‘ज’ निघाला हा निव्वळ योगायोग.

खडूस_आजोबा :
इटालियन राजा ‘रे’ असतो हो, ‘रेजो’ नव्हे. माझ्या मते कारण व्यवहाराचं आहे. एस्पेरान्तोत ‘रे’ म्हणजे ‘पुन्हा’, तो उपसर्ग. ‘रेगो’ करावा, तर ‘रेगी’ म्हणजे राज्य चालवणं; त्यावरूनच सरकारला ‘रेगिस्तारो’. मग ‘ग’च्या रोमन अक्षराला, g ला, वर टोपीसारखी खूण घातली (ĝ), झाला ‘ज’.

शब्दखोर :
मग ‘रेग्नो’ला, म्हणजे राज्याला, टोपी का नाही?

खडूस_आजोबा :
तिथे ‘न’ आहे ना मध्ये. धातू वेगळा, भांडण नाही. राजा आणि राज्य चालवणं मात्र एकाच ‘रेग’मध्ये कोंबले गेले असते.

अवनी_पु :
राणीचं कुणी बोलेल का? ‘रेजीनो’ म्हणजे रेजोला ‘इन’ची शेपटी. बाप ‘पात्रो’, आई ‘पात्रीनो’. आधी पुरुष, मग त्याच्यावरून बाई. डोक्यात जातं.

ताकभात :
आपली राणी तरी कुठे स्वयंभू? राजन्, राज्ञी, राणी.

अवनी_पु :
राज्ञी लोकांच्या तोंडी घडली. हा माणूस टेबलाशी बसून भाषा रचत होता, त्याला कुणी अडवलं होतं?

शब्दखोर :
निदान रेजीनोला सोडा. शेपटी लावली तरी लॅटिनची ‘रेगीना’ ओळखू येते. शिव्या द्यायच्याच तर सम्राज्ञीच्या ‘इम्पेरिएस्त्रीनो’ला द्या, ते म्हणताना जीभ अडखळते.