आलेख सपाट झाला म्हणजे नॅनोट्यूब सुट्या झाल्या का?

प्रकल्पग्रस्त:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी एकपदरी कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) पाण्यात विखुरत आहे. एसडीएस या सर्फॅक्टंटच्या (नळ्यांना पाण्यात सुटे ठेवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाच्या) १ टक्का द्रावणात, १० मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात पूड घालून, भांडे बर्फात ठेवून २० वॅटवर प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गठ्ठे फोडणारे उपकरण) चालवतो. दर १० मिनिटांनी थोडा नमुना काढून तो ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट पातळ करतो आणि २७० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स मोजतो. आकडे ०.२१, ०.३४, ०.४३, ०.४५ असे चढत गेले आणि पन्नासाव्या मिनिटालाही ०.४५ वरच राहिले. यावरून एकमेकींना चिकटलेल्या नळ्यांच्या जुड्या पूर्ण सुटल्या, असे अहवालात लिहिता येईल का? शंका येण्याचे कारण असे, की पातळ नमुन्याची क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक कुपी) तशीच राहून गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तळाशी काळे ठिपके बसलेले दिसले. मूळ बाटलीतले शाईसारखे द्रावण मात्र जसेच्या तसे आहे.

रामनबाण:
ठिपक्यांचे उत्तर आपल्याच वर्णनात आहे. एसडीएसची मायसेल (रेणूंचे पुंजके) बनण्याची सीमा सुमारे ८ मिलिमोल प्रतिलिटर, म्हणजे साधारण ०.२३ टक्के आहे. १ टक्क्याचे द्रावण साध्या पाण्याने दहापट पातळ केल्यावर ते ०.१ टक्क्यावर आले, नळ्यांवरचे एसडीएस सुटून पाण्यात गेले आणि उघड्या पडलेल्या नळ्या पुन्हा एकमेकींना चिकटल्या. तेव्हा पातळ करायचे ते १ टक्का एसडीएसनेच, आणि ब्लँकही (तुलनेसाठीचा नळ्यांविना नमुना) त्याचाच घ्यायचा. दुसरे असे, की बर्फात एसडीएस स्फटिकरूपाने बाहेर पडते. भांड्याच्या कडेला पांढऱ्या सुया दिसल्या, तर द्रावणात आपण समजता तेवढे एसडीएस उरलेले नाही असे धरावे. बर्फाऐवजी २० अंशांच्या आसपासचे पाणी भोवती फिरते ठेवा आणि सोनिकेटर थांबत थांबत चालवा.

शून्यकोन:
मूळ प्रश्न राहूनच गेला. २७० च्या आसपासचे शोषण पाय इलेक्ट्रॉनांमुळे होते आणि ते जुडीतल्या नळ्यांतही असतेच. मोठे गठ्ठे फुटून द्रवात मिसळतात तसा आकडा वाढतो. तो स्थिरावला याचा अर्थ या प्रोबने आणि या सर्फॅक्टंटने जेवढे सुटण्यासारखे होते तेवढे सुटले, इतकाच. दोन-चार नळ्यांच्या बारीक जुड्या त्यात खुशाल असू शकतात.

एकपदरी नळ्या असल्यामुळे आपल्याकडे याहून चांगली खूण आहे. ४०० ते १३०० नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट घ्या. जुडीत नळ्यांची शिखरे रुंद होतात आणि लांब तरंगलांबीकडे सरकतात. सुटत गेल्या, की ती टोकदार होऊन अलीकडे येतात. १३०० च्या पलीकडे पाणी स्वतःच प्रकाश शोषू लागते, म्हणून तिथे जड पाणी वापरतात. खरी कसोटी प्रतिदीप्तीची, म्हणजे प्रकाश शोषून नळीने स्वतः प्रकाश देण्याची. जुडीत धातुगुणी नळी शेजारी असली, की अर्धवाहक नळीची ऊर्जा तिच्याकडे निघून जाते आणि प्रकाश विझतो. २००२ मध्ये राइस विद्यापीठातल्या गटाने सुट्या नळ्यांची प्रतिदीप्ती पहिल्यांदा दाखवली, तीही एसडीएसमध्येच, पण सोनिकेशननंतर जोरदार सेंट्रिफ्यूज करून जुड्या खाली बसवल्यावर. आपण सेंट्रिफ्यूजचा उल्लेखच केलेला नाही.

प्रकल्पग्रस्त:
दोघांचेही आभार. १ टक्का एसडीएसने पातळ केलेला नमुना रात्रभर ठेवून पाहिला. तळ स्वच्छ राहिला. पांढऱ्या सुया खरोखरच होत्या, मी त्यांना बर्फाचे कण समजत होतो. प्रतिदीप्तीचे उपकरण आमच्याकडे नाही, त्यामुळे शिखरांवरच भिस्त आहे. शिखरे अजून रुंद वाटतात, तर सोनिकेशन दुप्पट वेळ करू का?

रामनबाण:
करू नका. २० वॅटने ५० मिनिटे म्हणजे ६० किलोज्यूल झाले, आणि १० मिलिलिटरला ते भरपूर आहेत. त्यापुढे नळ्या सुटण्याऐवजी तुटतात आणि प्रोबच्या टोकाचे टायटॅनियम झिजून द्रावणात उतरते. रामन वर्णपटाची सोय असेल, तर १३५० प्रतिसेंटिमीटरजवळची, नळ्यांतले दोष दाखवणारी डी पट्टी १५९० जवळच्या जी पट्टीच्या तुलनेत वाढते आहे का, ते दर टप्प्याला पाहा. आधी सेंट्रिफ्यूज करून वरचा भाग अलगद काढा आणि त्याचाच वर्णपट घ्या. मात्र काही नळ्या तळाशी गेलेल्या असल्यामुळे त्यातले अ‍ॅब्सॉर्बन्स कमीच येईल. तो आकडा आधीच्या ०.४५ शेजारी मांडू नका, फक्त शिखरांचा आकार आणि जागा ताडून पाहा.