काडी विरघळते, दाब वाढलेला कळत नाही

ओझुर्डेक्स म्हणजे डोळ्याच्या आत सुईने घालतात ती औषधाची बारीक काडी. ‘काडी आपोआप विरघळते, मग परत डॉक्टरकडे कशाला जायचं’ असं काही जण म्हणतात, त्यातला पहिला भाग बरोबर. ही काडी ज्या पॉलिमरची असते त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं, शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. काढायला काही उरत नाही. पण आत ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड, आणि त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो. तो बहुधा दोनेक महिन्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही.

आमच्या अण्णांना मधुमेहामुळे डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) सूज होती. देवगडात आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस, एप्रिलचा पहिला आठवडा, तेव्हा कोल्हापूरला जाऊन काडी घातली. काही दिवस त्यांना नजरेच्या कडेला काळपट काडी हलताना दिसायची. मे महिन्यात पेटीवरचा पत्ता स्वतः वाचायला लागले, म्हणून जूनची तपासणी नको म्हणत होते. त्यात पाऊस, गगनबावड्याचा घाट. मी हट्टाने नेलं, तर दाब २८ निघाला! थेंब सुरू केले, गणपतीपर्यंत १६ वर आला. तेव्हा कोकणातल्यांनी काडी घालतानाच आठव्या आठवड्याची तारीख ठरवून घ्या, पाऊस असला तरी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागचा पडदा फाटला असेल तर तेही आधी सांगा, काडी पुढे सरकून बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा करू शकते.