लघुलहरी श्रोत्यांच्या क्लबात सामील व्हावे का?

प्रश्न: दूरच्या रेडिओ केंद्रांच्या वेळा आणि वारंवारता इंटरनेटवर सहज मिळत असताना डीएक्स (म्हणजे दूरची केंद्रे ऐकण्याच्या छंदाच्या) क्लबाचे सदस्य होऊन नेमके काय साधते?

उत्तर १: वेळापत्रके मिळतात हे खरे, परंतु ती मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात, आणि कागदावरचे केंद्र प्रत्यक्षात लागते की नाही, हे सदस्यांच्या ताज्या नोंदींवरूनच कळते.

उत्तर २: शिवाय श्रवण-अहवाल लिहायला शिकता येते. ‘कार्यक्रम आवडला’ एवढ्यावर क्यूएसएल कार्ड (केंद्राकडून मिळणारी श्रवणाची पोच) मागणे बरे दिसत नाही. यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, वारंवारता, ऐकलेल्या मजकुराचा तपशील आणि ३५४३३ असा सिन्पो संकेतांक द्यावा; त्यात संकेताची ताकद, व्यत्यय, गोंगाट, प्रसरणातील अडथळे आणि एकूण दर्जा यांना क्रमाने १ ते ५ गुण असतात.

प्रश्नकर्ता: यातला तिसरा अंक गोंगाटाचा ना?

उत्तर २: होय, मात्र ५ म्हणजे गोंगाट अजिबात नाही. नवखे नेमके उलटे लिहितात.