‘कोबॉट’ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ: भाचा जळगावच्या एमआयडीसीत लागला. पाइपांची कपलिंगं खोक्यात भरायची, शेजारी एक यांत्रिक हात. मध्ये जाळी नाही. माणसाला टेकला की थांबतो. त्याला ‘कोबॉट’ म्हणतात. मला ‘सहयंत्रमानव’ सुचला, पण हा शब्द कारखान्यात कोण उच्चारणार?

चोपडेकर: ‘सालदार’ म्हणा की नाना! आखाजीला ठरवला की वर्षभर राबतो.

अमळनेरकर: सालदार नको. तो निदान सालाचा आकडा ठरवताना तोंड उघडतो, हा कुठे उघडतो? ‘रोबॉट’चं मूळ चेक भाषेतल्या ‘रोबोता’त, म्हणजे वेठ. १९२० च्या एका चेक नाटकाने तो शब्द जगभर नेला. ‘कोबॉट’ त्यानंतर पाऊणशे वर्षांनी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आला. कोलगेट आणि पेश्किन या प्राध्यापकांनी केलेल्या पहिल्या कोबॉटांना माल हलवायची स्वतःची ताकदच नव्हती. ढकलायचा माणसाने, मशीन फक्त दिशा धरायचं. आपल्या शेतात जोर बैलाचा आणि नांगराचं तास सरळ ठेवतो औत्या. तिथे औत्या झालं मशीन!

चोपडेकर: मंग बैल कोन शे भाऊ?

अमळनेरकर: तेच तर. आताचे मोटरवर चालतात म्हणून सुटलो.

डाळवाला: आमच्याकडे सॉर्टेक्स आहे. दाणे घसरत येतात, कॅमेरा रंग बघतो, डागी दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडतो. पण फुंकर जास्त ठेवली तर चांगली डाळही उडते, म्हणून ऑपरेटर उडालेल्या ढिगातली मूठभर तळहातावर घेऊन बघतो, मग आकडा एक घर खाली आणतो. याला आम्ही ‘सॉर्टेक्स मारणं’ म्हणतो. मारतं मशीन, बोलणी खातो ऑपरेटर. त्याला कोबॉट म्हणता येणार नाही, हात नाही त्याला. पण जोडीचं काम हेच ना?

धुळेकर: ‘सावड्या’ कसा वाटतो? सावडीवरून.

अमळनेरकर: सावडीत आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. मशीनच्या शेतात जायचं कधी? तरी ‘सहयंत्रमानवा’पेक्षा शंभरपट बरा.

तापीकाठ: भाच्याला फोन केला. त्यांच्या पाळीत कोबॉटला ‘भिडू’ म्हणतात. कोणी ठेवलं नाव, माहीत नाही. ‘भिडू अडकला’ अशी हाक गेली की मेंटेनन्सवाला पाना घेऊन येतो.